मेघालीचं जेवण कोण आणतं?

कावेरीला गोष्ट सांगता येते हे तिच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. खडोलीच्या सुताच्या कंपनीत, पॅकिंगच्या टेबलावर मात्र ते सगळ्यांना माहीत होतं. घरात ती मुकी होती अशातला भाग नाही. "हो भाऊ", "करते वहिनी", "मीठ संपलंय" एवढं ती रोज बोलायची. शिरपूरकडच्या गावाहून सतरा वर्षांची असताना ती थोरल्या भावाकडे, नवनाथकडे, सिल्वासाजवळच्या किलवणीला राहायला आली. चाळीतली एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. आता ती वीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरत होतं.

तिच्या वाट्याचं म्हणावं असं दिवसात एकच काही होतं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळची सीट आणि किलवणी फाट्यापासून खडोलीपर्यंतचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ती मोबाइलवर गोष्ट वाचायची. रोज एक भाग. गोष्ट राजकन्येची, जादूची आणि प्रेमाची. मेघाली नावाची सतरा वर्षांची मुलगी काचेच्या मनोऱ्यात कोंडलेली, कारण ती नदी ओलांडेल त्या दिवशी राज्य बुडेल असा शाप. आणि शत्रूच्या घरातला वज्रनील, जो दिवसा ससाणा होतो आणि सांजेला माणूस होऊन तिच्या खिडकीत बसतो. गोष्ट कुठल्या तरी हौशी बाईने लिहिलेली. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, दर चार ओळींनी कुणाचे तरी डोळे पाणावत. कावेरीला त्याचं काही वाटत नसे.

फाटकावर मोबाइल जमा करावा लागे. मग पुढचे आठ तास सुताचे कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, पिशवीत घालायचे, खोक्यात भरायचे, चिकटपट्टी लावायची. मशिनी भिंतीपलीकडे होत्या, त्यामुळे टेबलावर बोलता यायचं. एक दिवस शेजारच्या गुड्डीने विचारलं, "क्या पढती रहती है रे बस में?" आणि कावेरीने सांगायला सुरुवात केली. त्या दिवसापासून गोष्ट सांगण्यातून तिची सुटका नव्हती.

सर्वांत जास्त नाद लागला तो मंजुळाबाईंना. वय पन्नाशीचं, गाव नवापूरकडे, अक्षरओळख नाही. कामावर आल्या आल्या डोक्यावरचा पदर खोचून त्या म्हणायच्या, "हां, काल तो खिडकीत बसला व्हता. मंग?" वज्रनीलचं एक वाक्य त्यांना रोज ऐकायचं असे. तो दर वेळी मेघालीला विचारायचा, "तुला काय हवंय?" बाकी काही नाही. दागिने नाहीत, चंद्रतारे नाहीत. फक्त एवढं विचारून तो उत्तराची वाट बघत बसायचा.

"परत म्हन," मंजुळाबाई सांगायच्या.

"तुला काय हवंय?"

"अगं बाई गं." आणि त्या मान हलवत पुढचा कोन उचलायच्या. चार लेकरं, दोन सुना, एक नवरा देवाघरी, आणि हे वाक्य त्यांना आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं.

सुपरवायझर मिलिंदसाहेब पुण्याचे. या वयाच्या बायकांनी असल्या पोरकट गोष्टी ऐकाव्यात याची त्यांना कीव वाटायची, आणि ती ते बोलूनही दाखवायचे. पण वज्रनीलला बाण लागला त्या दिवशी साहेबांनी कावेरीच्याच टेबलाची खोकी तीनदा मोजली, असं मंजुळाबाई शपथेवर सांगतात. पोरकट म्हणणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं. ज्या बाईचं उठणं, निजणं, लग्न, नोकरी सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं, तिने विरंगुळा म्हणून काय वाचावं अशी तुमची इच्छा आहे? पाककृती?

तर लग्न. मुलगा सुकदेव, शिरपूरजवळचा, एकतीस वर्षांचा. सगळे म्हणत, मुलगा चांगला आहे, दारू पीत नाही. दारू न पिणं ही आपल्याकडे एवढी मोठी पदवी आहे की ती मिळाल्यावर पुढची कुठलीच चौकशी होत नाही. त्यांच्याकडून दोनच अटी आल्या. मुलीने नोकरी करायची नाही आणि मुलीकडे मोबाइल नको. नवनाथ वाईट माणूस नव्हता. बारा तासांची पाळी करून तो दमून यायचा, आणि बहिणीचं एकदा मार्गी लागलं की आपण सुटलो असं त्याला वाटायचं. त्याने त्याच दिवशी कावेरीचा मोबाइल काढून बायकोच्या हातात दिला. "ठेव कुठं तरी. सवय मोडू दे." रोशनीवहिनीने तो तूरडाळीच्या डब्यात टाकला आणि वरून डाळ ओतली. साखरपुडा दहा दिवसांवर, रविवारी ठरला. तोवर कामावर जा, मग बंद.

कावेरीला "नाही" म्हणायचं होतं, अगदी जीव तोडून म्हणायचं होतं. पण ते कुणाला म्हणायचं, कुठल्या वेळी, भाऊ जेवत असताना की जेवल्यावर, हेच तिला कळेना. तिने कधी कुणाला नाही म्हणताना आपल्या घरात पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती खिडकीजवळ बसली आणि अर्धा तास बाहेर बघत राहिली. टेबलावर मंजुळाबाईंनी पदर खोचला. "मंग?"

मोबाइल गेला हे सांगायची कावेरीला लाज वाटली. तिने गोष्ट स्वतःच्या मनाने पुढे ढकलली. मेघाली आज मनोऱ्यातून निघणार होती, पण दारात नाग निघाला. त्याच्या पुढच्या दिवशी नाग गेला, तर वज्रनीलचे पंख छाटले गेले. मग पंख उगवले, तर नदीला पूर आला. असे पाच-सहा दिवस गेले. रोज सकाळी ती ठरवायची की आज मेघालीला बाहेर काढू, आणि रोज तोंड उघडलं की तिच्या आधी एखादी नवीन अडचण दारात येऊन उभी राहायची. बाहेर पडायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे जिला ठाऊक नाही, ती दुसरीला तरी कशी बाहेर काढणार?

"अरे यार, कितने दिन?" गुड्डी वैतागली. "मर जाएगी वो अंदर."

गुरुवारी मंजुळाबाईंनी हातातला कोन खाली ठेवला. "मी काय म्हन्ते पोरी, ती येवढे दिस कोंडलेली हाये तर तिला जेवन कोन देतं?"

कावेरी गडबडली. "दासी आणते."

"कुठून आनते?"

"दारातून."

"म्हंजे दार उघडतं! रोज दोनदा उघडतं! चावी बी तिच्यापाशीच आसंल." मंजुळाबाईंनी सगळ्या टेबलाकडे बघितलं. "आन् ही बया त्या पाखराची वाट बघत बसलीय. आगं, त्या भाकर आननारीला सांग ना जरा. तिच्याशी बोललीस का कधी?"

सगळ्या हसल्या. खोक्यांमागे उभे असलेले मिलिंदसाहेबही हसले आणि लगेच खोकले. कावेरी हसली नाही. तिने त्या दिवशी घाईघाईने सांगून टाकलं, की मेघालीने दासीला मनातलं सांगितलं, आणि दासीने उष्टी ताटं उचलायच्या वेळी, भरदुपारी, दार उघडलं, आणि दोघी जणी हातात ताटं घेऊन पहारेकऱ्यांसमोरून चालत निघून गेल्या. टेबलावर टाळ्या पडल्या.

चार वाजता ती घरी आली तेव्हा वहिनी ओट्यावर मेथी निवडत होती. दार उघडं होतं. तीन वर्षं कावेरीने या बाईला भावाच्या बाजूची म्हणूनच पाहिलं होतं. मोबाइल हिने ठेवला, वेळेत घरी ये असं हीच सांगणार, बाहेरची कडी लावणार ती हीच. वहिनी स्वतः इथे कशी आली, कितव्या वर्षी आली, हे कावेरीने कधी विचारलं नव्हतं. ती चपला न काढता समोर उभी राहिली.

"वहिनी, मला हे लग्न नाही करायचं."

मेथी निवडणारा हात थांबला. वहिनीने वर पाहिलं, मग गल्लीत पाहिलं, मग उठून आत गेली आणि तूरडाळीचा डबा घेऊन आली. डाळीतून मोबाइल काढून तिने पदराने पुसला. कावेरीने तो चालू केला. आठ दिवस डाळीत पडलेला मोबाइल, आणि चार्जिंग नव्वद टक्के. पडद्यावर गोष्ट उघडी होती. कावेरीने भाग चौऱ्याण्णववर सोडली होती. समोर भाग एकशे अडतीस होता.

वहिनीचे कान लाल झाले. "दुपारी काही काम नसतं," ती म्हणाली. दुपारी तिला काय काय काम असतं हे कावेरीला चांगलं माहीत होतं.

"संपली?"

"संपली."

"मग? सुटते ती?"

"सुटते म्हणे." वहिनी पुन्हा मेथीला लागली. "तो ससाणा येतो, मनोरा फोडतो, पाठीवर बसवून त्याच्या राजवाड्यात नेतो. तिथं सासू आहे. पहिल्याच दिवशी सासू म्हणते, खिडकीत उभी राहू नको. लिहिणारीनं ते सहज लिहिलंय, पुढं लग्नाची मिरवणूकच आहे सगळी. पण मी त्याच ओळीवर अडकले बघ. दोनदा वाचली." मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी सतरा वर्षांची होते इथे आले तेव्हा. मनमाडच्या पुढं मी अजून गेले नाही."

कावेरीने तिला कंपनीतली गोष्ट सांगितली. दासी, चावी, उष्टी ताटं, भरदुपार. वहिनी ऐकत राहिली.

"दोघी गेल्या?"

"दोघी."

"असं थोडंच असतं," वहिनी म्हणाली. पण तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली, आणि पहिल्यांदाच कावेरीकडे नीट बघत विचारलं, "तुला काय पाहिजे?"

प्रश्न इतका अचानक आला की कावेरीला रडू फुटलं. ती म्हणाली, "बसमधली खिडकी. तो अर्धा तास." हे ऐकून कुणीही हसलं असतं. वहिनी हसली नाही. तिने मोबाइल डब्यात ठेवला, वर डाळ ओतली आणि झाकण घट्ट लावलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. टेबलावर दोन्ही दिवस कावेरीने डोकं दुखतंय म्हणून गोष्ट टाळली. घरात साखर आली, नारळ आले, गुलाबी साडी आली. वहिनी मुकाट सगळी तयारी करत राहिली. कावेरीला वाटलं, संपलं.

रविवारी पाहुणे अकराला यायचे होते. नवनाथ पहाटेच मिठाई आणि खुर्च्यांच्या मागे सिल्वासात गेला होता. सहा वाजता वहिनीने कावेरीला उठवलं. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी दिली. "आज जादा काम आहे ना कंपनीत? गुड्डी काल फाट्यावर सांगत होती, बस येणार म्हणून."

कावेरी बघतच राहिली. "भाऊ विचारतील."

"विचारतील."

"पाहुणे?"

"ते पण विचारतील. मी आहे ना इथे." वहिनीने कडी काढली. दार उघडून ती बाजूला उभी राहिली, तिच्या हाताला पोह्यांचा कांदा लागलेला होता. "जा. बस चुकेल."

कावेरी गेली. फाट्यापर्यंत ती जवळजवळ पळत गेली, एकदाही मागे न बघता. खिडकीजवळची सीट मिळाली. डब्याच्या पिशवीत वहिनीने ठेवलेला मोबाइल होता, त्याला डाळीची पूड लागलेली. तिने तो उघडला नाही. अर्धा तास ती नुसती बसून राहिली आणि तिला वाटलं होतं तसा आनंद काही केल्या येईना. हे एका दिवसाचं सुटणं होतं. संध्याकाळी त्याच खोलीत परत जायचं होतं, आणि तोवर तिथे जे होईल ते एकट्या वहिनीवर होणार होतं.

टेबलावर रविवारची निम्मीच माणसं होती. मंजुळाबाई आल्या होत्या. सकाळचा माल खोक्यांत भरून झाल्यावर त्यांनी पदर खोचला. "हां. दोघी ताटं घेऊन निघाल्या. मंग कुठं गेल्या?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. कावेरीच्या डोळ्यांपुढे आपली खोली आली, मांडलेल्या खुर्च्या, ट्रे घेऊन बाहेर येणारी वहिनी, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीमागे मुलीला शोधणाऱ्या.

"एकटी मेघालीच गेली," ती म्हणाली. "दासी मागे राहिली."

"आँ? गुरवारी तर दोघी गेल्या व्हत्या!"

"चुकून सांगितलं मी. कुणीतरी आत राहून पहारेकऱ्यांशी बोलायला पाहिजे होतं, मावशी."

गुड्डीने चिकटपट्टी ओढता ओढता मान वर केली. "और मेघाली ने पूछा नहीं उसको? तुला काय हवंय, असं?"

कावेरीने पुढचा कोन उचलला. तो पिशवीत घालता येईना इतकं तिला समोरचं धूसर दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "विसरली."