ढवळलं का?

कशेळ्याच्या नाक्यावर दूध गोळा करणारा तो माणूस कॅनमध्ये काचेची नळी सोडण्याआधी एकच विचारतो, "ढवळलं का?" उत्तराची वाट न बघता तळापासून ढवळतो. मग उकिडवा बसून नळीवरचा आकडा वाचतो. आकडा कमी आला, तरी दूध आणणाऱ्या बाईला "पाणी घातलंस" म्हणत नाही. पुन्हा ढवळतो.

मी घरी बिअर बनवायचं किट लावलं. डब्यातला दाट पाक बादलीत ओतून बादलीवरच्या खुणेच्या रेघेपर्यंत पाणी भरलं. तसल्याच नळीवर चाळीस यायला हवे होते, आले वीस! पाणी जास्त झालं, सगळं वाया गेलं, म्हणून मी रडकुंडीला आलो. तो दारूला शिवत नाही, तरी भीतभीत त्यालाच घरी बोलावलं.

"ढवळलं का?"

"थोडंसं. वरवर."

"मग पाक तळाला हाय, भाऊ. तुमी वरचं पाणीच मोजलं."

त्यानं पळी धुऊन घेतली, खालपासून ढवळलं, उकिडवा बसला.

"चाळीस."

माझा जीव भांड्यात पडला. तो नळी पुसत म्हणाला, "पाणी रेघेपर्यंतच घातलं, हे तुमाला ठाव होतं. तरी केवढं घाबरलात! माझ्यासमोर बाया रोज अशाच उभ्या असतात."