घर बंद आढळले

कोर्टात त्याला सगळे डिंकराव म्हणत. बेलिफ होता तो. म्हणजे कोर्टाचं समन्स लोकांच्या दारी नेऊन द्यायचं, सही घ्यायची आणि माणूस सापडतच नसेल तर शेवटी ते दारावर चिकटवून यायचं. खांद्याला पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा आणि डिंकाची बाटली. सतरा वर्षं हेच. कागद हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा उतरतो हे त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं, की समोरचा आता रडणार की शिव्या देणार, हे त्याला पहिल्या नजरेतच कळायचं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं ते कुणाला पटायचं नाही.

त्याला वकील व्हायचं होतं. कालपरवा मिसरूड फुटलेले वकील त्याला ‘ए डिंक, माझ्या नोटिशीचं काय झालं?’ असं विचारत, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना साधा अर्ज धड लिहिता येत नाही हे त्याला माहीत होतं. नोकरी करणाऱ्यांसाठी लॉ कॉलेजचे संध्याकाळचे वर्ग होते. त्यासाठी प्रवेश परीक्षा, आणि वयाची अट चाळीस. त्याला एकोणचाळीस पूर्ण झालेली. आधी दोनदा बसला होता. पहिल्यांदा अकरा मार्कांनी हुकलं, दुसऱ्यांदा तीन. तीन मार्कांचं दुःख अकरांपेक्षा कितीतरी मोठं असतं, हे हुकलेल्यालाच विचारा. आता ही तिसरी खेप, आणि शेवटची.

क्लासच्या वेळा कोर्टाच्या वेळांवरच बसलेल्या, म्हणून सगळा अभ्यास एकट्यानं. जुन्या बाजारातून आणलेलं जाडजूड गाइड होतं. आधीच्या मालकानं त्यात बरोबर उत्तरांवर पेनानं खुणा करून ठेवल्या होत्या, त्यामुळे एका हातानं खुणा झाकायच्या आणि दुसऱ्या हातानं प्रश्न सोडवायचा.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती त्याच्या खांद्यावरून डोकावून वाचायची. ‘आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, क ड च्या उजवीकडे आहे.’ मग म्हणायची, “जेवायला बसलीत की भांडायला, ते नाही दिलं होय? आणि वकील व्हायला निघालात खरं, पण सतरा वर्षांत घरात एक वाद जिंकलाय का?”

तो हसायचा. पण घरी अभ्यास व्हायचा नाही. सासूबाईंना ऐकायला कमी, त्यामुळे त्यांचा टीव्ही अख्ख्या इमारतीला ऐकू जायचा. दोनच खोल्या, कान मिटून घ्यायची सोय देवानं ठेवलेली नाही.

परीक्षेला आठ महिने उरले असताना एक समन्स आलं. बसचा अगदी शेवटचा थांबा, तिथून पुढं चालत, मग पाचवा मजला. जायला-यायला तीन तास. इमारत पाडायची म्हणून घरमालकानं एका भाडेकरू बाईला खोलीतून काढायला दावा लावला होता. डिंकराव पिशवी घेऊन निघाला, थांब्यावर आला, बस चुकली. पुढची चाळीस मिनिटांनी. समोर सरकारी दवाखाना होता. तिथं बाकावर जरा टेकावं आणि दहा प्रश्न सोडवावेत, एवढंच त्याच्या मनात होतं.

तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा विभाग. डोळ्यांत थेंब टाकून माणसं ओळीनं बसलेली, मिटल्या डोळ्यांनी. कुणी बोलत नाही, कुणी बघत नाही. तिथं त्याचे चाळीस प्रश्न झाले. एकोणचाळीस बरोबर. इतकं सुख त्याला बरेच दिवसांत मिळालं नव्हतं. कोर्टात परतल्यावर त्यानं समन्सच्या पाठीमागं अहवाल लिहिला: ‘समक्ष गेलो असता घर बंद, दारास कुलूप आढळले. शेजारी चौकशी केली, ठावठिकाणा समजला नाही.’

हे वाक्य त्यानं खोटं म्हणून लिहिलंच नाही, ही खरी गंमत. सतरा वर्षांत शेकडो वेळा ते खरं लिहिलेलं. हातालाच पाठ होतं.

पुढच्या तारखेलाही तो तिथं गेला नाही, अहवाल तोच लिहिला. तिसऱ्या वेळी नोटीस दारावर चिकटवायची होती, दोन साक्षीदारांसमोर. कोर्टाबाहेर शिक्के बनवणारा आणि सायकल-स्टँडवाला हे दोघे कशावरही सही करायचे. समोरचा कागद कशाचा आहे हे विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. ‘कुलूपबंद दारास चिकटवली’ असं लिहून, नोटिशीच्या मागं डिंक लावून त्यानं ती दवाखान्याच्या मागच्या कचराकुंडीत टाकली. डिंक कशाला लावला, देव जाणे. अर्धं काम तरी केल्यासारखं वाटावं म्हणून असेल.

एकदा सोकावलेला माणूस थांबत नाही. लांबचे पत्ते, उंच जिने, कुत्री असलेली घरं, सगळी एकेक करून बंद आढळू लागली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात; इथं तर सगळा दवाखानाच डोळे मिटून बसला होता.

घरात पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. दारातल्या चपला उचलून ती तळवे बघत राहिली.

“दर चार महिन्यांनी नवा जोड लागायचा तुम्हाला,” ती म्हणाली. “हा झिजतच नाहीये.”

“चांगल्या दुकानातला आहे.”

“मीच आणलाय. दुकान तेच.”

मग तिनं चपला खाली ठेवल्या, आणि त्या दिवसापासून त्याच्या अभ्यासाची थट्टा करणं सोडून दिलं. तिची थट्टा बंद झाल्यावर त्याला घरात कसंतरीच होऊ लागलं, पण विचारायची छाती झाली नाही.

गाइडमध्ये कायद्याच्या प्रश्नांचा एक वेगळा भाग होता. वर एक तत्त्व दिलेलं, खाली एक प्रसंग, आणि शेवटी: निकाल काय लागेल? प्रकरणाच्या सुरुवातीलाच ठळक सूचना होती: दिलेलं तत्त्व प्रसंगाला लावा, स्वतःची दयामाया मध्ये आणू नका. आधी दोन्ही खेपेला त्यानं इथंच मार खाल्ला होता. प्रसंगातल्या म्हातारीची कीव यायची आणि उत्तर चुकायचं. यंदा चुकेनासं झालं. त्यातलं एक तत्त्व त्याला नीट लक्षात राहिलं होतं: समन्स मिळालंच नाही आणि एकतर्फी निकाल लागला, तर निकाल कळल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज करून तो रद्द करून घेता येतो. एकतिसाव्या दिवशी कोर्ट सहसा ऐकून घेत नाही.

त्या बाईविरुद्ध निकाल एकतर्फीच लागला. ती हजरच नव्हती ना. परीक्षेच्या बरोबर चार दिवस आधी खोलीचा ताबा घ्यायचा हुकूम निघाला आणि नाझरसाहेबांनी, म्हणजे बेलिफांच्या साहेबांनी, कागद डिंकरावच्याच हातात दिला. “तुझाच भाग आहे. तीनदा कुलूप म्हणून लिहिलंयस, कुलूपवाला बरोबर ने.”

पाच मजले चढताना त्याला धाप लागली. सवय गेली होती. मागं घरमालकाचा माणूस, दोन हमाल, पोलीस आणि हत्यारांची पेटी घेतलेला कुलूपवाला. वर पोचले तर दार उघडंच. आत खिडकीशी एक बाई शर्टाला काज करत बसली होती. कपड्यांच्या कारखान्यातून गठ्ठे आणून घरी काज-बटण करायची ती. भिंतीकडेच्या खाटेवर तिचे वडील, अर्धांग झालेले, डोळे तेवढे दाराकडे वळलेले. शर्टांच्या थप्प्या, सुया खोचलेली उशी, औषधाच्या बाटल्या. बाईनं सुई दातांत धरली आणि विचारलं, “कुणाकडं आलात?”

त्यानं हुकूम वाचून दाखवला. तिला निम्मं कळलं.

“पण मला आधी कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली. “दावा कसला? मी तर इथंच असते. बाबांना टाकून कुठं जाणार?”

कुलूपवाला इतका वेळ दाराची चौकट चाचपत होता. कामाशी काम ठेवणारा माणूस. तो म्हणाला, “साहेब, कुलूप कुठंय? या दाराला बाहेरून कडीच नाही. कधी नव्हतीच बहुतेक, बघा, भोकंसुद्धा नाहीत.”

“कडी कशाला लागते?” बाई म्हणाली. “सहा वर्षांत कुलूप लावायची वेळच आली नाही.”

स्वतःच्या अक्षरातले ते तीन अहवाल डिंकरावला त्या कोऱ्या फळीवर लिहिल्यासारखे दिसू लागले. पोलीस जांभई देत होता. घरमालकाचा माणूस घड्याळ बघत होता. जे त्याला दिसत होतं ते दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. पंचनाम्यात एकच ओळ लिहायची होती: ‘दारास बाहेरून कुलूप लावण्याची सोय नाही.’ तेवढ्यानं काम थांबलं असतं, बाई तिथंच राहिली असती. त्याची नोकरी गेली असती, कदाचित खटलाही झाला असता, आणि लॉ कॉलेजचं नाव आयुष्यात काढता आलं नसतं. पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“साहेब,” कुलूपवाल्यानं विचारलं, “कोर्टाचं कुलूप लावायचं तर कडी-कोयंडा बसवावा लागेल. बसवू का?”

“बसव,” डिंकराव म्हणाला.

सहा स्क्रू. पाच-सात मिनिटांचं काम. मग त्यानं स्वतः खाटेची एक बाजू धरून म्हाताऱ्याला पाच मजले खाली आणलं, शर्टांच्या थप्प्या हमालांना नीट बांधायला लावल्या, एक बटणही सांडू दिलं नाही. बाई रडत होती, पण त्याला म्हणाली, “तुम्ही म्हणून एवढं केलंत.” वर जाऊन त्यानं नव्या कडीला कुलूप घातलं, सील केलं आणि पंचनाम्यात लिहिलं: दारास बाहेरून कडी-कोयंडा आहे.

परीक्षेत आपल्याला काही सुचणार नाही, ती बाई डोळ्यांपुढं येईल, असं त्याला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. पेपर सोपा गेला. खोलीचा ताबा घेतल्याच्या तेविसाव्या दिवशी परीक्षेचा निकाल लागला, यादीत नाव होतं, वरच्या पंचविसात. नाझरसाहेबांनी पाठ थोपटून वर्तणुकीचा दाखला दिला: कामात चोख, सचोटीचा. सासूबाईंनी टीव्ही बंद करून त्याला जवळ बोलावलं. बायकोनं अभिनंदन केलं, परक्या माणसाचं करावं तसं.

आणखी तीन दिवसांनी ती काज-बटणवाली कोर्टाच्या आवारात त्याला शोधत आली. बहिणीच्या घरी जिन्याखाली राहत होते दोघं. वडिलांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. हातात कोर्टातून काढलेल्या नकलांचा गठ्ठा.

“तुम्ही वकिलीच्या परीक्षेत पास झालात म्हणे,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुमच्याएवढं माणुसकीनं कुणी वागलं नाही, म्हणून तुमच्याकडेच आले. हे काही मला वाचता येत नाही. बघा ना, काही करता येईल का?”

त्यानं गठ्ठा घेतला. सगळ्यात वर त्याचाच अहवाल होता, त्याच्याच अक्षरात. सही मात्र नुसत्या रेघोट्यांची, ती कुणाची हे तिला कळणं शक्य नव्हतं. तिला निकाल कळल्यापासूनचे दिवस त्यानं मनातल्या मनात मोजले. आज सव्विसावा.

“कागद बरेच आहेत,” तो म्हणाला. “नीट वाचावे लागतील. माझ्याकडे ठेवून जा. पाच-सहा दिवसांनी या.”

तिचा चेहरा उजळला. दोन पावलं गेली आणि थबकली.

“पण पाच-सहा दिवसांनी चालेल ना? उशीर तर नाही ना व्हायचा?”

“नाही,” डिंकराव म्हणाला. “चालेल.”