शिरोरेषा तुटलेला रुपया

आमचं पावणे एमआयडीसीतलं छपाईचं युनिट बंद पडलं नाही, हललं. मालकांनी छपाईची यंत्रं गुजरातेत नेली आणि ज्यांना घरदार सोडून जाणं शक्य होतं ते गेले. मला शक्य नव्हतं. तिथे मी औषधांच्या खोक्यांवरची छपाई तपासायचे. अक्षराचा पाय तुटला, अनुस्वार गळला, निळा रंग जरा जांभळ्याकडे झुकला की अख्खा गठ्ठा बाजूला. निम्मं आयुष्य हेच केलं. मग एका सोमवारी सकाळी डबा भरायचं कारण उरलं नाही.

सगळे म्हणाले, आता आराम करा. आराम करायला अंगात एक कसब लागतं, ते माझ्यात नाही. मी कपाटं आवरली, माळा आवरला, सोसायटीच्या जिन्यातले बल्ब बदलून घेतले. सेक्रेटरी मला पाहिलं की लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले. शेवटी चिल्लरचा डबा आवरायला घेतला आणि तिथे अडकले. एकाच वर्षाचे दोन रुपये होते. एकावरचा एकाचा आकडा जाड, दुसऱ्यावरचा बारीक. मी दोन्ही खिडकीपाशी नेले. नजर चुकत नव्हती. खोक्यांवर असा फरक दिसला असता तर मी गठ्ठा अडवला असता. इथे अडवायला कोणी नव्हतं म्हणून मी शोधायला लागले.

या कामात पैसा नाही, हे आधीच सांगते. तुमच्या घरातल्या जुन्या पाचच्या नाण्याचे लाख रुपये मिळतील असे व्हिडिओ मोबाईलवर येतात, त्या थापा आहेत. चालू नाण्याची किंमत त्यावर लिहिलेली असते तेवढीच. ज्यांना फरक दिसतो त्यांना तो नोंदवल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच. नाण्यावर वर्षाच्या खाली एक बारीक खूण असते. हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. त्यापुढे प्रत्येक टांकसाळीत नाणी पाडायचे ठसे बदलत राहतात. कुठे धान्याची लोंबी कडेच्या जवळ येते, कुठे सिंह किंचित लहान होतो. हे कोणी जाहीर करत नाही. ते आमच्यासारख्यांनी हुडकायचं.

आमच्यासारखे म्हणजे मोबाईलवरचा एक गट. त्याची यादी एक निवृत्त इंजिनिअर ठेवतात. ते आमच्याच सानपाड्यात, स्टेशनच्या पलीकडे राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांचे नियम दोन. पहिला, नाणं कधीही धुवायचं नाही. धुतलेलं नाणं म्हणजे पुसलेला पुरावा. दुसरा, एका नाण्यावर नोंद होत नाही. एक म्हणजे अपघात, दोन म्हणजे ठसा. दोन्ही नाण्यांत तोच फरक त्याच जागी असेल तर नोंद यादीत जाते, आणि नोंदीपुढे शोधणाऱ्याचं नाव लिहिलं जातं.

मला ते नाव हवं होतं. नोकरी गेल्यापासून माझं असं काहीच कागदावर आलं नव्हतं.

माझा रुपया बेकरीत पावाच्या सुट्ट्या पैशांतून आला. ताऱ्याचा, जरा मळका. घरी येऊन भिंगाखाली धरला आणि बघतच राहिले. सिंहाच्या बाजूला ‘भारत’ लिहिलेलं असतं. भ ची शिरोरेषा मुळातच अर्धी असते, ती मोकळी जागा सगळ्यांना माहीत आहे. पण या रुपयावर पुढचा काना संपल्यावर, र च्या आधी, आणखी एक फट होती. स्वच्छ फट. रेघ थांबते, सपाट जागा येते, रेघ पुन्हा सुरू होते. गटातले बाकीचे लोक आकडे पाहतात, लोंब्या मोजतात. अक्षराच्या डोक्यावरची रेघ पाहायची सवय छपाईवालीलाच असणार.

मी फोटो पाठवला. सरांचा लगेच फोन आला.

“ताई, नजर आहे हो तुमची. हे कुणी पाहिलेलं नाही.”

“मग लिहा ना यादीत.”

“दुसरं आणा. नियम म्हणजे नियम. आणि या महिन्याची यादी मी रविवारी बंद करतोय.”

दुसरं आणा म्हणणं सोपं. आजकाल नाणी असतात कुठे? भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीवर कोड लावून बसते. रिक्षावाला म्हणतो, स्कॅन करा. मी नोट पुढे करून सुट्टे मागायला लागले तसे लोक वैतागले. दूधवाला म्हणाला, “मॅडम, बाकीचे चिल्लर खपवतात, तुम्ही चिल्लर पिकवताय का?” रोज सकाळ-संध्याकाळ फेऱ्या. ताऱ्याचे रुपये पुष्कळ मिळाले, पण वर्ष वेगळं. वर्ष मिळालं तर रेघ अख्खी. रात्री डोळे मिटले की शिरोरेषाच दिसायच्या. भाकरी थापताना मी कडेला फट शोधायचे. नवरा म्हणाला, बाहेर जाऊन ये जरा. मी म्हणाले, दिवसभर बाहेरच असते.

शुक्रवारी अहेराचं पाकीट घ्यायला गेले. युनिटमध्ये माझ्याबरोबर असलेल्या एकीच्या मुलीचं तळवलीत लग्न होतं. पाकीट हातात घेतलं आणि कोपऱ्यातल्या रुपयाकडे पाहिलं. पाकिटावर एक रुपया चिकटवलेला असतो, म्हणजे पाचशे टाकले की पाचशे एक होतात, रक्कम शून्यावर थांबत नाही. आकड्याची बाजू वर, सिंह खाली डिंकात. रुपया कोरा करकरीत होता. वर्ष तेच. खाली तारा.

पाकिटं बनवणारे नवी नाणी पिशवीनेच घेत असणार. म्हणजे एका ठशातली नाणी एकत्र. मी पर्समधून भिंग काढलं आणि एकेक पाकीट पाहू लागले.

दुकानदार म्हणाला, “मॅडम, पाकीट घेताय का एक्स-रे काढताय?”

“हेच वर्ष आणि तारा असलेली सगळी द्या.”

“एवढी लग्नं? सगळ्या खानदानाचं एकाच मांडवात उरकताय काय?”

मी गठ्ठा घेऊन घरी आले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाकिटं मांडली आणि पहिल्या रुपयाखाली बोटाचं नख सारलं. सासूबाई मागे उभ्या होत्या, ते कळलंच नाही. त्या साताऱ्याकडच्या, आणि त्यांचा आवाज अजून वावरातलाच आहे.

“अगं, अहेराच्या पाकिटावरला रुपया सोलतीस व्हय? ध्यानात हाय का काय करतीस ते?”

“आई, मला खालची बाजू बघायची आहे.”

“खालची बाजू बघायला पाकीट असतंय का? तो रुपया पुढं चालायचा म्हणून लावत्यात. तू तोच काढतीस. लगीन कुनाचं आणि तोडतंय कोन!”

“लग्नाचं पाकीट मी बाजूला ठेवलंय. ही नुसती विकत आणलेली आहेत.”

“रुपया लावला म्हंजी शकुन झाला. त्याला काय ठावं, तुझं लगीन हाय का न्हाई ते.”

मी पुढचा सोलला.

बहुतेकांवर डिंकाचा जाड गोळा बसलेला, अक्षरं दिसतच नव्हती. मग एक रुपया सहज सुटून आला. त्याच्यावरचा डिंक मधोमध राहिला होता आणि ‘भारत’ मोकळं होतं. भिंगाखाली घेतला. भ, काना, फट, र. तीच फट, त्याच जागी.

मी आधी फोटो काढला, सरांना पाठवला आणि खाली लिहिलं, “दुसरं सापडलं.” उत्तर आलंच. “अभिनंदन! नोंद करतोय.” मागोमाग यादीचा फोटो आला. माझं नाव होतं. मी ते मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं, पुन्हा मोठं केलं.

तिथेच थांबले असते तर बरं, पण हातात बाकीची पाकिटं होती आणि मला नमुन्याला एक नव्हे, सगळी तपासायची सवय आहे. तिसरं, चौथं नाणंही मिळालं तर नोंद भक्कम होईल, असा विचार केला. गोळे निघेनात म्हणून पातेल्यात पाणी कढवलं आणि नाणी त्यात सोडली. फट असलेलाही त्यांतच पडला. त्याच्या मधला डिंक काढून सिंह नीट बघायचा होता. फोटो काढलेला होताच.

सासूबाई डोकावल्या. “आता काय, रुपयाची आमटी?”

झाऱ्याने नाणी काढून फडक्यावर पसरली. डिंक मऊ होऊन साल निघावी तसा निघत होता. एकेक पाहत गेले. रेघ अख्खी. अख्खी. अख्खी. सगळी संपली. फटीचं नाणं कुठे गेलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून पाहिली. प्रत्येकाची शिरोरेषा अख्खी होती.

मग फडक्यावर पडलेल्या डिंकाच्या सालींकडे लक्ष गेलं. एक साल नखावर घेऊन उजेडात धरली. कडेला तिचा इतका पातळ, पारदर्शक पापुद्रा झाला होता की नाण्यावर असताना तो दिसणं शक्यच नव्हतं. आता प्रकार उघड होता. रुपया दाबला की गोळा पसरतो आणि कडेला येऊन पातळ होतो. अक्षरांच्या भोवतीची खोलगट जागा तो भरून काढतो, आणि उठावाची रेघ तेवढ्या जागी बुडते. गोळा दर वेळी मधोमध लावतात, त्यामुळे तो तेवढाच पसरतो आणि त्याची कड दर वेळी काना आणि र यांच्यामध्ये येते. माझा बेकरीतला रुपयाही कधीतरी कुणाच्या तरी पाकिटावरून सोललेला असणार. सोलून खर्च करतात लोक, त्यात काय. मग त्या पापुद्र्यावर मळ बसला आणि तो नाण्याच्याच रंगाचा झाला.

मी सरांना फोन केला.

“सर, ती नोंद काढा. तो डिंक आहे.”

मी सगळं सांगितलं.

“तुमचं पहिलं नाणं धुतलंत?”

“नाही.”

“मग धुऊ नका. आपल्याकडे दोन न धुतलेल्या नाण्यांचे फोटो आहेत. नियमाप्रमाणे नोंद उभी राहते, ताई. धुतलेल्या नाण्यावरून मी काही ठरवत नसतो.”

“सर, मग आपण टांकसाळीची यादी करतोय की पाकिटवाल्यांची?”

“तुम्ही घाई करताय.”

“तुम्ही या इकडे. तुमच्यासमोर घालते पाण्यात.”

ते आले. छत्री दाराशी ठेवली, सासूबाईंना नमस्कार केला, चहा नको म्हणाले. पातेल्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी त्यात मांजर घालणार आहे. मी बेकरीतला रुपया डबीतून काढला. फट शेवटची एकदा पाहिली. खरं सांगायचं तर मला ती तिथेच राहायला हवी होती. धुतल्यावरही राहिली असती तर नोंद पक्की, नाव पक्कं. त्या एका नाण्यावरची फट खरी असू शकते, असं मी त्या ओट्यापाशी मनाला सांगत होते.

“आता टाका,” सर म्हणाले, “नाहीतर माझाच धीर सुटेल.”

रुपया बुडाला. मी झारा फिरवत राहिले. सर खुर्चीच्या टोकावर बसले होते, उठत होते, पुन्हा बसत होते. मी तो काढला, फडक्यावर अंगठ्याने दाबून पुसला. करड्या रंगाची एक चिलटाएवढी साल फडक्याला लागली.

मी भिंग त्यांच्याकडे दिलं. मला बघायची गरज नव्हती.

“अख्खी आहे,” सर म्हणाले.

“माझं नाव खोडा.”

त्यांनी मोबाईल काढला आणि माझ्यासमोर खोडलं. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्यासाठी माझं दुधाचं पातेलं नासलं का काय?” मी म्हणाले, घासून देते. मी फडक्याची घडी करत होते, उलगडत होते.

सर उठले नाहीत. मोबाईलवर यादी वरपासून खाली सरकवत होते. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. मग दुसऱ्या ठिकाणी. ‘भरलेलं अक्षर’, ‘अर्धी मात्रा’, अशा नोंदी होत्या, आणि पुढे बहुतेक ठिकाणी त्यांचंच नाव होतं.

“दोनच्या नाण्यांवर,” ते हळूच म्हणाले, “पाकिटं... दोनची नाणी लावतात का हो पाकिटांवर?”

“लावतात. रुपये मिळाले नाहीत की लावतात.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदी पुडी काढली. म्हणजे घरून निघतानाच बरोबर घेतली होती. पुडी उघडून त्यातलं दोनचं नाणं त्यांनी तळहातावर ठेवलं, मुठीत मिटलं, पुन्हा उघडलं.

“पाणी अजून गरम आहे का?”

मी गॅस पुन्हा लावला.