सिपोरामावशीचा सण

सण जवळ आला की सिपोरामावशी टॉर्च घेऊन खाटेखाली शिरायची, सत्तरी उलटलेली बाई, आणि पावाचा चुरा शोधायची. चिमूटभर सापडला तरी बाहेर नेऊन जाळायची. पाव विकणाऱ्या पोदेराला बजावायची, "आठ दिवस माझ्या दारात भोंपू वाजवू नको रे बाबा, मला मोह होतो."

आमच्या पार्शात, अख्ख्या गावात ती एकटीच यहुदी. मूळची अलिबागकडची. नवरा पणजीला नोकरीला होता, तो वारला, मूलबाळ नाही. आम्ही शेजारी. माझा नवरा सुर्ल्याला खाणीच्या ट्रकवर, घरात मी, सासू आणि पाच वर्षांची तन्वी. मला सगळ्याचीच भीती, तन्वी जरा खोकली तरी मी धावत मावशीकडे, आणि ती म्हणायची, "आधी श्वास घे, मग सांग."

पाव का नको, मी एकदा विचारलं. "अगं, आमचे लोक मिसर देशात राजाचे गुलाम होते. सुटले तेव्हा घाईत निघाले, पीठ फुगायलाही थांबले नाहीत. म्हणून फुगलेलं खायचं नाही." खजुराचा घट्ट शिरा करायची, ती विटांची माती, गुलामीत थापलेल्या. मिठाचं पाणी म्हणजे आसवं.

मी म्हटलं, "मावशी, घाबरून पळालेल्यांचा कसला गो सण?"

"घाबरले तरी निघाले ना, त्याचाच सण."

गेल्या वर्षी म्हणाली, "सणाच्या रात्री घरातल्या धाकट्याने विचारायचं, आजची रात्र वेगळी का? मग मोठ्यांनी गोष्ट सांगायची. माझ्याकडे मीच म्हातारी, मीच धाकटी. तुझी तन्वी पाठव." मी हो म्हटलं. तन्वीने प्रश्न पाठ केला, आठवडाभर कोंबड्यांना विचारत फिरली.

त्या संध्याकाळी तिला नवा फ्रॉक घातला आणि सासू म्हणाली, "आपला चेडू परक्या देवापुढे कित्याक बसवतंस? वाड्यावर तोंड खंय दाखवतलंस?" झालं. मी फ्रॉक काढला, दार लावलं.

मावशी दोनदा फाटकाशी येऊन बघून गेली. हाक नाही मारली. मी पडद्याआड. मग तिच्या खिडकीतून आवाज आला, "आजची रात्र वेगळी का?" आणि ती स्वतःलाच गोष्ट सांगायला लागली, अख्खी. तन्वी म्हणाली, "आई, तो माझा प्रश्न!" मी तिच्या तोंडावर हात दाबला.

सकाळी मावशी शिऱ्याची वाटी घेऊन आली. तिने काही विचारायच्या आतच मी म्हटलं, "तन्वीला ताप होता." तन्वी माझ्यामागे उड्या मारत होती. मावशीने तिच्या थंडगार कपाळाला हात लावला. म्हणाली, "हो गं. उतरला आता."

पावसाळ्यानंतर पुतण्या तिला ठाण्याला घेऊन गेला. तिथेच ती वारली, आम्हाला महिन्याने कळलं. गाडीत बसताना तिने माझा हात धरला होता, तेव्हा तरी सांगायचं होतं, पण सासू बाजूलाच उभी होती.

ताप नव्हता, मावशी.