त्या हिवाळ्याची वासरं

आयर्लंडमधल्या ट्रली गावाच्या बाहेर आम्ही राहतो त्या घराच्या कुंपणापलीकडे शेजारणीचा गोठा आहे. तिच्या गायी दुधाच्या नाहीत. त्यांची वासरं मांसासाठी वाढवून विकतात. नवरा होता तोवर गायींचं सगळं तोच बघायचा.

त्या उन्हाळ्यात तो आजारी पडला. ऐन गवतकापणीच्या दिवसांत हॉस्पिटलात होता, म्हणून कापणी लांबली. तोवर गवताला तुरे येऊन त्याच्या काड्या झाल्या होत्या. हिवाळ्यासाठी त्याचाच मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला चारा, झाला. पानगळीत तो गेला.

ती गायी विकून टाकेल, असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "त्याने वाढवलेल्या आहेत," आणि दोन्ही वेळा स्वतः चारा टाकू लागली. गायी साऱ्या गाभण होत्या.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी तिने कुंपणाशी येऊन हाक मारली. "तू बाळांची डॉक्टर ना? जरा येतेस?"

मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते. वासराला कधी हात लावला नव्हता. तरी गमबूट चढवून गेले.

एक पहिलारू गाय, पहिल्यांदाच विणारी, व्यायली होती. वासरू पेंढ्यावर पडलं होतं, मान उचलत नव्हतं. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार लागलं, आणि बोट चोखायची ओढ नव्हती. ते मला वॉर्डातून ओळखीचं होतं. "व्हेटला बोलवा," मी म्हटलं, आणि टॉवेलने त्याला चोळत बसले.

व्हेट आली. गायीला पिळून पाहिलं, तर चीक जेमतेम वाटीभर निघाला. दुसऱ्या गायीचा चीक तिने नळीने वासराच्या पोटात सोडला. मग गायीच्या पाठीवरून हात फिरवला.

"हाडं लागतायत. पहिलारूंना वेगळं खायला घालत होतीस का?"

"नाही. सगळ्यांना एकत्रच."

"मोठ्या गायी त्यांना ढकलून खातात. त्यात या चाऱ्याला कस नाही, नुसतं पोट भरतं. आणि पोटातलं वासरू शेवटच्या महिन्यांतच जास्त वाढतं."

शेजारणीने गोठ्याच्या पलीकडच्या कप्प्याकडे पाहिलं. "तो त्यांना पलीकडच्या कप्प्यात ठेवायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, जागा पुरत नाही म्हणून."

वासरू दुपारी गेलं. त्याच दिवशी आम्ही दोघींनी उरलेल्या पहिलारू वेगळ्या काढल्या. ती त्यांना रोज सोयाबीनची पेंड घालू लागली. उशिरा विणाऱ्या गायींना ती लाभली. त्यांची वासरं तासाभरात उभी राहून पिऊ लागली. लवकर व्यायलेल्या दोन पहिलारूंची वासरं जगली, पण अंग धरेनात. आईलाच दूध कमी होतं. कुरणात ती दोघं लांबूनही ओळखू यायची.

"भरून निघेल का गं यांचं?" मे महिन्यात तिने विचारलं.

"थोडंफार निघेल."

"म्हणजे सगळं नाही."

"सगळं नाही," मी म्हटलं. वॉर्डातल्या बाळांच्या आयांना हे सांगताना मी शब्द शोधत बसते. तिला सांगताना तशी गरज वाटली नाही.

सप्टेंबरात वासरं बाजारात नेणारी गाडी आली. सगळ्यात शेवटी ती दोन लहानखुरी चढली. शेजारणीने गाडीची फळी वर ओढली, कडी घातली आणि हात तिथेच ठेवून उभी राहिली.

"त्याने न पाहिलेली ही पहिलीच वासरं," ती म्हणाली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा ती अंगण धुवायला लागली. मी दुसरा झाडू घेतला.