जैनबचा अकरा

नऊ या आकड्यात काहीही जादू नाही.

असं मला ठणकावून सांगणारी माझी मैत्रीण जैनब आज सकाळी गेली. नव्वदी ओलांडली होती तिनं.

माझं टाइपिंग स्लो आहे, नात मदत करतेय. पण हे मलाच लिहायचं होतं.

इंग्रजांचा काळ. शिरपूरला देवळाच्या वाटेवर तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान. मागे आमचा भाजीचा मळा. शाळेत आम्ही शेजारी बसायचो.

चौथीत गुरुजींनी नऊचा पाढा फळ्यावर लिहिला. अठरा: एक आणि आठ, नऊ. सत्तावीस: दोन आणि सात, नऊ.
"पाहा पोरींनो, बेरीज नऊच!"

जैनब उभी राहिली.
"गुरुजी, आमच्या दुकानात डझनानं मोजतात. तिथं बी नऊच येते का?"

गुरुजी खूश होऊन हसले. "मी कधी पाह्यलं नाही. तू पाहून सांग."

संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर तिनं बांगड्या मांडल्या.
डझनात नऊचा पाढा काही जमला नाही, मग तिनं अकराचा घेतला. बावीस म्हणजे एक डझन, वर दहा. एक आणि दहा, अकरा.
तेहेतीस म्हणजे दोन डझन, वर नऊ. अकरा!
चव्वेचाळीस. तीन डझन, आठ. पुन्हा अकरा!

"शांते, दहानं मोजलं तं नऊ चमकते. बारानं मोजलं तं अकरा. ज्यानं मोजलं त्याच्याहून एकानं कमी असते ना, म्हणून!"

नेमकी तेव्हाच तिची शाळा सुटणार होती. पुढं शिकायचं तर वाशीमला, खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहून. अब्बांचं म्हणणं एकच, "चौथी झाली बेटी, लय झालं."

जैनब रडली नाही. मला घेऊन सरळ दुकानात गेली आणि अब्बांकडे पाठ करून उभी राहिली.

"अब्बा, पायजे तेवढ्या बांगड्या घ्या. डझन किती, सुट्या किती, मोजा. दोन्हीची बेरीज करा अन् तेवढ्या काढून ठेवा."

अब्बांनी चाळीस घेतल्या. तीन डझन, चार सुट्या. सात काढल्या.

"आता उरलेल्या अकरा-अकरानं लावा. एक बी शिल्लक राह्यणार नाही."

तीन ढीग लागले. खाली काहीच उरलं नाही.

अब्बांनी मोठा ढीग ओढला. पुन्हा तेच. गिऱ्हाईक ताटकळत उभं, अब्बांचं लक्षच नाही.

"काहून होते असं?"

ती वळली. "हरेक डझनातून एक गेली, अकरा राह्यल्या. सुट्या तं सगळ्याच गेल्या. मंग दुसरं काय उरन?"

"गुरुजीनं शिकवलं?"

"नाही. माह्यं मीच पाह्यलं."

अब्बांनी बांगड्या पुन्हा डझनानं बांधल्या. मग म्हणाले, "खालाले निरोप धाडतो."

बस्स. तिथून ती थांबलीच नाही. वाशीमला शिकली, मास्तरीण झाली, रिटायर होईपर्यंत गणित शिकवलं. "मले गणित जमत नाही" म्हणणारी पोरगी दिसली की हिला चेव यायचा. त्या पोरीला घरी बोलवायची, चहा पाजायची आणि पेपर सोडवून घेतल्याशिवाय सोडायची नाही.

आज तिच्या घरी गेले तर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या तिच्या विद्यार्थिनी. कुणाचे केस काळे, कुणाचे पांढरे. एकीनं उठून मला खुर्ची दिली.
"आजी, तुमी बाईंच्या कोण?"

"मैत्रीण," म्हटलं, आणि ताठ बसले.

जैनब, सुखानं जा. तुझ्या शांताचा तुला शेवटचा सलाम.