गादीच्या कारखान्यातली विचारपूस

ऑफिसात त्यांना सगळे नमुनेबाई म्हणत. कामच तसं होतं. एखाद्या कंपनीला आपल्या लोकांच्या मेसेजिंग ॲपमध्ये एआय बॉट हवा असला, की आधी त्याचा नमुना तयार करायचा, थोडे दिवस चालवून दाखवायचा, आणि पसंत पडला नाही तर बंद करून टाकायचा. हे नाव घरी कळलं तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, तुला त्यांनी बरोबर ओळखलंय."

घरात या दोघीच. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ बाहेर. नणंदेने लग्न केलं नव्हतं, ती शाळेत चित्रकला शिकवायची. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत नवा नमुना नणंदेकडे द्यायचा, असा शिरस्ताच पडला होता. ती ओट्याला टेकून त्याला वाकडंतिकडं विचारत राहायची. "मी रजेवर असताना मला रजा हवी असली तर?" असल्या प्रश्नांना जो पुरून उरला, तो पास.

नमुनेबाईंचं लक्ष नेहमीच थोडंसं दुसरीकडे असायचं. त्यांचं टेबल खिडकीशी होतं आणि खाली सायकलदुरुस्तीचं दुकान. दुकानदार चाक उलटं धरून फिरवायचा, तेव्हा आऱ्यांवरचा उजेड वर येऊन छतावर सरकत राहायचा. तो बघता बघता त्या बॉटला सूचना लिहीत. 'उत्तर दोन वाक्यांत दे. मागितल्याशिवाय सल्ला देऊ नकोस. माहीत नसेल तर विचारून सांगतो म्हणू नकोस. तू कोणाला विचारणार आहेस?' साहेब म्हणायचे, यांचे बॉट चार माणसांत वाढल्यासारखे वाटतात.

गादीच्या कारखान्याचं काम आलं ते असंच साधं होतं. एक बॉट रजेचे नियम सांगणारा, दुसरा मशीन बंद पडलं की तक्रार नोंदवून घेणारा. कारखान्याचे मॅनेजर फोनवर म्हणाले, "आणि एक काहीतरी गोड ठेवा. नमस्कार-बिमस्कार." छतावरच्या उजेडाकडे बघत नमुनेबाईंनी लिहिलं, 'सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी विचार, झोप कशी लागली.' गाद्या करणाऱ्यांना दुसरं विचारणार तरी काय? हा तिसरा बॉट आधी फक्त स्वतःवर चालवून बघायचा होता. पण ग्रुप निवडताना खूण एक ओळ खाली पडली, 'सर्व कर्मचारी' या नावापुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या कारखान्याचे फोन एकदम वाजले.

आधी सगळ्यांनी टवाळी केली. फोर्कलिफ्टवाल्याने लिहिलं, "उभ्यानेच लागली." बॉटने विचारलं, "पाय दुखले का?" त्यावर बरीच हसरी तोंडं उमटली. मग फोम कापणाऱ्या माणसाने लिहिलं की स्वप्नात तो फोम कापत होता आणि आतून पाणी निघत होतं, स्वच्छ पाणी, आणि मशीन कोणी बंद करत नव्हतं.

"पाणी गार होतं का?"

"कोमट."

त्यानंतर टवाळी ओसरली. रोज कोणी ना कोणी लिहू लागलं. एकदा फोर्कलिफ्टवाल्यानेच लिहिलं, की गोदामातल्या सगळ्या गाद्यांवर माणसं झोपली होती आणि कोणाला जाग न येऊ देता त्याला मधून गाडी काढायची होती. त्यात त्याचा वारलेला भाऊ होता, पूर्वी होता तेवढाच लहान, एक हात गादीबाहेर लोंबत असलेला.

"तुम्ही गाडी थांबवलीत का?" बॉटने विचारलं.

"थांबवली. हात आत घेतला."



खूण चुकल्याचं नमुनेबाईंच्या लक्षात आलं ते इतक्या दिवसांनी, बॉटच्या नोंदी उघडून हे वाचतानाच. बोट सेटिंगवर गेलं. मग त्या सुरुवातीपासून वाचत बसल्या, आणि खूण तशीच राहिली. संध्याकाळी नणंदेने फोन घेतला आणि त्या दिवशी एकही वाकडा प्रश्न विचारला नाही. कोणीतरी बॉटला विचारलं होतं, "आणि तुला काय दिसलं?" त्याने उत्तर दिलं होतं, "मी झोपत नाही, त्यामुळे मला काही दिसत नाही. मी तुमचं वाचतो."

"थापा मारत नाही, हे बरं आहे," नणंद म्हणाली. "वहिनी, गॅस बंद कर. करपतंय."

मग मॅनेजरांनी त्यांना कारखान्यात बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाला, "रजेचा आणि मशीनचा, दोन्ही पसंत. तो झोपेचा मात्र बंद करा. भोंगा होतो तरी लोक फोनमध्येच. काल एक मशीन त्यामुळे उशिरा सुरू झालं."

"तो सगळ्यांकडे जायचाच नव्हता," नमुनेबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

"मीही वाचायचो," मॅनेजर म्हणाले. "पण बंद करा."

जाण्याआधी नमुनेबाईंनी आतून एक फेरी मारायची परवानगी मागितली. आत उंच काचांतून येणारा उजेड दुधाळ झाला होता. फोमचे कण हवेत तरंगत होते आणि खाली यायची त्यांना घाई नव्हती. टाके घालणारं लांबलचक मशीन धडधडत होतं, पण आजूबाजूच्या गाद्यांच्या थप्प्या तो आवाज पिऊन टाकत होत्या. मशीनपाशी एक वयस्क बाई उभ्या होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत.

"तुम्हीच का बॉटवाल्या?" मावशींनी मोठ्याने विचारलं. नमुनेबाई काही बोलणार तोच त्यांनी आपला फोन पुढे केला. "इथे लिहा. मशीनने कान नेले माझे. जेवायला बसलं की सगळ्यांचे ओठ बघते, ते हसले की हसते. याला भाऊ होता," त्यांनी लांबच्या फोर्कलिफ्टकडे मान वळवली, "हे मला या ग्रुपातच कळलं. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खातोय."

नमुनेबाईंनी लिहिलं, 'आज ते बंद करायला सांगितलंय.'

मावशींनी चष्मा वर करून वाचलं. "बॉट बंद होणार, की ग्रुप?"

हे नमुनेबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या तशाच परत मॅनेजरांच्या खोलीत गेल्या. मॅनेजर म्हणाले, "माणसांनी माणसांशी बोलायला माझी कुठे ना आहे? भोंगा झाला की फोन आत गेले पाहिजेत, एवढंच."

मग नमुनेबाई गाद्यांच्या एका थप्पीवर बसल्या. त्यांनी एक वेगळा ग्रुप केला, यायचं त्याने यावं असा, मावशींना ॲडमिन केलं, आणि बॉटचं खातं काढून टाकलं. इतके बॉट बंद केले होते, पण या वेळी बटण दाबून झाल्यावरही हात थोडा वेळ तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी लिहिलं, "आता मी विचारतेय. झोप लागली का?"

पहिल्यासारखी गर्दी झाली नाही. बॉटला सांगणं सोपं होतं. मावशींना प्रत्येकाचं घरदार ठाऊक. फोम कापणारा आलाच नाही. पण फोर्कलिफ्टवाला आला, शिवणविभागातल्या चौघी-पाचजणी आल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत तो मावशींच्या शेजारी बसून फोनवर लिहून गप्पा मारायला लागला, ते तर कोणी सांगितलंही नव्हतं.

ऑफिसात ते काम संपलं. नमुनेबाईंना मात्र ग्रुपातून कोणी काढलं नाही, आणि त्याही निघाल्या नाहीत. बसमध्ये त्या रोज वाचायच्या. एके सकाळी मावशींनी लिहिलं, "बॉटवाल्या बाई, तुम्ही नुसत्याच वाचता."

नमुनेबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, मग लिहिलं, "काल जिना दिसला. पायऱ्या मऊ होत्या, पाय बुडत होते. वरच्या खोलीत कोणीतरी बोलत होतं."

"कोण?"

"ओळखू आलं नाही. पण ऐकायला बरं वाटत होतं."

मावशी काही लिहीत आहेत, असं दिसत होतं. मधेच फोर्कलिफ्टवाल्याचं आलं, "मग आज लवकर झोपा, पुढचं ऐकू येईल."

भोंग्याची वेळ झाली असणार, ग्रुप शांत झाला. नमुनेबाईंचा थांबा केव्हाच मागे गेला होता. पुढच्या थांब्यावर उतरून त्या चालत मागे निघाल्या, सावकाश.